मामांच्या हातची भेसळ

तीर्थरूप मामांस,

तुमच्या वाया गेलेल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. इकडे मी बरी आहे आणि तिकडे तुम्ही माझ्यावर रुसून बसला आहात, एवढं सोडलं तर सगळीकडे क्षेम. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पट्टी निघाली, आणि पट्टी निघताक्षणी तुम्ही दवाखान्यातल्या चहाकडे बघून दुधात पाणी असल्याचं नर्सला सांगितलंत, हे आईकडून कळलं. (म्हणजे नजर पूर्ववत झाली. मी उगाच काळजी करत बसले होते.) मामींचे गुडघे कसे आहेत? आणि तुमचे दोस्त सचोटीशेठ काय म्हणतात? अजून संध्याकाळी त्यांच्या औषधाच्या दुकानात बुद्धिबळाचा डाव पडतो ना, की डॉक्टरांनी तोही बंद केला? मला हल्ली त्यांची फार आठवण येते. का येते, ते ओघाने येईलच.

एक विनंती मात्र आधीच करून ठेवते. डॉक्टरांनी तुम्हाला वाचायची बंदी केली आहे, त्यामुळे हे पत्र मामींकडून वाचून घ्यायचा मोह होईल. तो आवरा. भिंग घ्या, गच्चीवर जा, दाराला कडी लावा, काय वाटेल ते करा, पण हे मामींच्या हाती पडू देऊ नका. यात एक गोष्ट अशी आहे की ती त्यांना कळली तर तुमची धडगत नाही, आणि मला तुमची काळजी आहे (तुम्हाला माझी नसली तरी).

तुम्ही रुसलात त्याला सर्वस्वी आई जबाबदार आहे. त्या दिवशी सगळे जेवायला जमलेलो असताना कुणीतरी सहज विचारलं, की ही प्रयोगशाळेत करते तरी काय, आणि मी तोंड उघडायच्या आत आईने सांगून टाकलं, की ती शुद्ध पदार्थांत भेसळ करते आणि वर त्याचा पगार घेते. झालं. ज्याची सगळी नोकरी भेसळ पकडण्यात गेली, ज्याच्या सायकलची घंटी ऐकून दूधवाले आणि तेलवाले दुकानाच्या फळ्या लावायचे, त्याच्या सख्ख्या भाचीने हे धंदे करावेत! तुम्ही भरल्या ताटावरून उठलात ते अजून उठलेलेच आहात. फोन केला की मामी घेतात, मागे तुमचं खोकणं ऐकू येतं, आणि मामी सांगतात की ते घरात नाहीत. (मामा, तुमचं खोकणं मी लाखात ओळखेन. हसू दाबायचं असलं की तुम्ही तसेच खोकता.) आईने हे मुद्दाम केलं, हे मी शपथेवर सांगते. पूर्वी तुम्ही आमच्याकडे पाहुणे म्हणून आला होतात आणि चहा घ्यायच्या आधी खिशातून ते दूध तपासायचं काचेचं नळकांडं काढून तिच्या पातेल्यात सोडलं होतंत. ते जरा जास्तच खोल गेलं, म्हणजे दुधात पाणी. किती गेलं ते तुम्ही चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवलंत. आईने त्याचा वचपा आत्ता काढला, आणि सापडले मधल्यामधे मी.

म्हणून आता नीट समजावून सांगते. आमच्या स्फटिकांचं नाव पेरोव्हस्काइट. आईला ते जमत नाही, ती ‘पेरूचं काहीतरी’ म्हणते, त्यामुळे शेजारीपाजारी मी बागायत खात्यात आहे असा समज आहे. (एक आजी मला झाडाला कीड लागलीय म्हणून पानं दाखवायला आल्या होत्या. मी फवारणी सुचवली. झाड वाचलं म्हणतात.) तर हे एका ठरावीक घडणीच्या स्फटिकांचं घराणं आहे. त्यातल्या काहींवर अतिनील किरण टाकले, म्हणजे नोटा तपासायच्या दिव्यात असतो तो डोळ्यांना न दिसणारा उजेड, की ते स्वतःच झळकू लागतात, लाल, हिरवे, हवे तसे. पण यातली जी सगळ्यात देखणी मंडळी, त्यांच्या पोटात शिसं असतं. शिसं म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असणार. रंगीत गोळ्यांच्या रंगात तुम्हाला शिसं सापडलं होतं आणि तुम्ही अख्ख्या कारखान्याला टाळं ठोकलं होतंत, ते मी कशी विसरेन? त्या गोळ्या मी आदल्याच दिवशी मूठभर खाल्ल्या होत्या, आणि तुम्ही मला मिठाचं पाणी पाजून अंगणात उकिडवं बसवलं होतंत.

म्हणून आम्ही ते शिसंच काढून टाकतो आणि त्याच्या जागी चांदी, सोडियम, इंडियम अशी सोज्वळ मंडळी बसवतो. पण गंमत अशी, की शिसं काढलं की बहुतेक वेळा उजेडही जातो. उरतो तो स्फटिक अगदी शुद्ध, स्वच्छ, नियमाला धरून, आणि दिव्याखाली ठेवला तर ढिम्म. (हे तुम्हाला उद्देशून नाही.) मग त्यात दुसरं काहीतरी चिमूटभर घालावं लागतं. मग आतली शक्ती इकडेतिकडे भटकून वाया जायच्या ऐवजी त्या परक्या कणांपाशी येऊन थांबते आणि प्रकाश होऊन बाहेर पडते. आमच्यात याला भारदस्त नाव आहे, पण घरच्या भाषेत सांगायचं तर भेसळच. फरक एवढाच, की तुमचे ते लोक भेसळ करून गिऱ्हाइकाला अंधारात ठेवायचे आणि आम्ही भेसळ करून उजेड पाडतो. ‘काय उजेड पाडला’ हे आई माझ्याबद्दल नेहमीच म्हणते, पण इथे ते शब्दशः घ्यावं.

तर मी घालत होते अँटिमनी. त्याने छान निळा उजेड पडतो, पण निळे उजेड जगात पुष्कळ झाले आहेत, त्यामुळे माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आमच्या मार्गदर्शक (त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात) निळी कुपी बघून ‘हं’ म्हणायच्या आणि पुढे जायच्या. बाईंना हसताना कुणी पाहिलेलं नाही. खूश झाल्या की त्या चष्मा पुसतात. आणि मग एक दिवस, नेहमीसारखंच सगळं केलेलं असताना, गरम आम्लात नेहमीसारखीच भुकटी तळाला बसलेली असताना, मी ती गाळून, वाळवून काळ्या पडद्यामागच्या आमच्या अंधाऱ्या खोलीत नेली, दिवा लावला, आणि ती निळी झाली नाही. ती उबदार पांढरी झाली. तुमच्या घरच्या स्वयंपाकघरात जुना बल्ब असायचा ना, ज्याच्याखाली बसून मी गृहपाठ करायचे आणि तुम्ही तांदळातले खडे काढायचात, अगदी तसा उजेड. शिशाविना, एकाच भुकटीतून. मामा, मला तिथे रडूच आलं. बाईंनी कुपी हातात घेतली आणि चष्मा पुसला. परत पाहिलं, परत पुसला. आमच्या शेजारच्या टेबलावर एक संशोधक बसतो, तो स्वतःच्या नाडीवरसुद्धा विश्वास ठेवत नाही म्हणून आम्ही त्याला शंकासुर म्हणतो, तोसुद्धा त्या दिवशी फक्त एकदाच ‘पण’ म्हणाला.

बाईंनी भर सभेत ही गोष्ट जाहीर करून टाकली, आणि नेमकी तिथून माझी साडेसाती सुरू झाली. कारण ती भुकटी पुन्हा काही होईना. तीच बाटली, तेच आम्ल, तीच आच, आणि दर वेळी निळं. मी त्या दिवशी घातलेला पोशाख पुन्हा घालून पाहिला. त्या दिवशी माझं शंकासुराशी भांडण झालं होतं म्हणून त्याला मुद्दाम डिवचलं. (भांडण उत्तम झालं. भुकटी निळी.) शंकासुराला एवढंच आठवत होतं, की त्या दिवशी खोलीत पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता. मी म्हटलं, तो तुझ्या दाढीनंतरच्या अत्तराचा असेल. यावरून आणखी एक भांडण झालं.

अशातच समितीचे अध्यक्ष पाहणीला आले. कोणती खोली कोणत्या विभागाला द्यायची हे त्यांच्या हातात, आणि शेजारच्या विभागाला त्यांची मोडकी कपाटं ठेवायला आमची अंधारी खोली केव्हाची हवी आहे. आता त्या दिव्याखाली काय होतं ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. तिथे सगळेच झळकतात. कपडे धुवायच्या पावडरीत पांढरेपणासाठी काहीतरी घातलेलं असतं, त्यामुळे शर्ट निळे पेटतात. (तुम्ही याला भेसळ म्हणाल का? विचार करून ठेवा.) दातही चमकतात. आपले चमकतात. जुन्या पद्धतीचे बसवलेले दात चमकत नाहीत, ते काळे दिसतात. अध्यक्षांनी कुपी पाहिली, खूश झाले, तोंडभर हसले, आणि समोरचे दोन दात गायब. इतका वेळ काळोखात त्यांचा नुसता शर्ट तरंगत होता, आता त्याच्यावर खिंडार पडलेलं हसू तरंगायला लागलं. मी ओठ चावला, बाईंनी चष्मा काढला, आणि शंकासुर, ज्याला आयुष्यात कधी कशाची खात्री वाटली नाही, तो स्पष्ट आवाजात म्हणाला, की दोन खोटे आहेत.

खोलीतला साधा दिवा लागला तेव्हा अध्यक्षांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. त्यांनी ते जेमतेम उघडून बाईंना सांगितलं, “एक कुपी म्हणजे योगायोग. पुढच्या महिन्यात येतो. माझ्यासमोर पुन्हा करून दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा.” खोली गेली की बाईंचं सगळं काम गेलं, आणि बाईंचं गेलं की मी घरी, आईसमोर, खरोखरच्या पेरूंबरोबर. मामा, थट्टा राहू दे. मी फार घाबरले होते. त्या दिवसांत मला रोज वाटायचं की तुम्हाला फोन करावा. केलाही. तुम्ही खोकलात.

उलगडा झाला तो द्राक्षांनी. तुमचा नियम मी अजून पाळते, की कुठलंही फळ जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. इकडे यायला निघाले तेव्हा तुम्हीच सचोटीशेठच्या दुकानातून पोटॅशियम परमँगनेटची ती पुडी आणून दिलीत. पाणी गुलाबी झालं की पुरे, जांभळं झालं तर फेकून दे, हे तुमचे शब्द. (मामी तेव्हा पिशवी भरता भरता म्हणाल्या होत्या, की त्याच्या दुकानात सगळ्या औषधांना मिळून एकच चमचा आहे. तुम्ही म्हणालात, एकच असला तरी सच्चा आहे. हा वाद तुमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून चालू असावा.) तर मी माझ्या टेबलाशी, प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, द्राक्षं धुवायला वाडग्यात पाणी घेतलं आणि पुडीतून कण काढायला हाताला आला तो प्रयोगशाळेतला चपटा चमचा उचलला. उचलला आणि तिथेच थबकले. त्या दिवशीही द्राक्षं होती. त्या दिवशीही मी हाच चमचा वापरला होता, आणि मग तोच चमचा धुऊन अँटिमनीच्या बरणीत घातला होता. धुऊन म्हणजे पुसून. पुसून म्हणजे झटकून. खरं सांगायचं तर झटकल्याचंही नक्की आठवत नाही.

मी द्राक्षं तिथेच टाकून आत पळाले आणि गरम आम्लात पुडीतला एक कण सोडला. जांभळा रंग आला आणि बघता बघता नाहीसा झाला, आणि खोलीभर पोहण्याच्या तलावाचा वास सुटला. शंकासुराने लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की मला त्याच्या अत्तराची माफी मागावी लागली. कारण सोपं आहे. त्या जांभळ्या औषधात मँगनीज असतं. आम्लात पडलं की त्याचा रंग जातो, क्लोरिनचा वास सुटतो, आणि मँगनीज गुपचूप स्फटिकात जाऊन बसतं. अँटिमनीचा निळा, त्यावर याचा नारिंगी, दोन्ही मिळून तुमच्या स्वयंपाकघरातला बल्ब. संध्याकाळी भुकटी वाळली. उबदार पांढरी. बाईंनी चष्मा पुसला, आणि मग, मामा, त्या हसल्या. (त्यांचे सगळे दात खरे आहेत. दिव्याखाली पाहिले.)

थोडक्यात काय, तर आमच्या प्रयोगशाळेत आजवर झालेली सगळ्यात सुंदर भेसळ तुमच्या हातची आहे. मी नुसती आज्ञा पाळली. तेव्हा माझ्याशी अबोला धरायचा तर आधी आरशाशी धरा. मला तुमच्याशिवाय करमत नाही, हे साध्या शब्दांत लिहून टाकते, कारण आडवळणाने लिहिलं तर तुम्ही त्यात पाणी शोधत बसाल.

डोळ्यांना जपा, औषधाचे थेंब वेळेवर घाला, नर्सच्या दुधाचा नाद सोडा. थोरांना नमस्कार, सचोटीशेठना विशेष नमस्कार.

तुमचीच,
पेरूवाली भाची

ता.क. तुमची पुडी संपली. शेवटचे कण त्या संध्याकाळच्या भुकटीतच गेले. काही बिघडत नाही असं वाटलं, म्हणून बाईंनी भांडारातून अगदी शुद्ध, सीलबंद, प्रमाणपत्रासहितचं जांभळं औषध मागवलं. ते घातलं. दिव्याखाली भुकटी विटकरी झाली. पुन्हा घातलं. पुन्हा विटकरी. अध्यक्ष यायचे आहेत आणि आमच्याकडे विटा तयार होताहेत.

आणखी एक ता.क. शंकासुर म्हणाला, पण पुडीत फक्त जांभळं औषधच होतं कशावरून? मी त्याच्यावर तुटून पडले. म्हटलं, ती पुडी कुणी दिली आहे ठाऊक आहे का? ज्यांच्या सायकलची घंटी, वगैरे. तो पुडीचा कागद झटकून ती धूळ तपासणीच्या यंत्रात घालून आला. मामा, बसला नसाल तर बसा. तुमच्या पुडीत बिस्मथ निघालं. पोटाच्या पांढऱ्या औषधात असतं ते, आणि आमच्या उजेडाचा तोल तेच सांभाळत होतं. सचोटीशेठच्या दुकानात जांभळ्या बरणीच्या शेजारी पोटाच्या पावडरीची बरणी आहे, ती मला डोळे मिटून दिसते, कारण तुम्ही दोघं पटावर डोकं धरून बसायचात तेव्हा मी त्या बरण्या मोजत उभी असायचे. दोन बरण्या आणि एक चमचा. संपूर्ण बाजारपेठेत ज्या एका दुकानाची तुम्ही कधी तपासणी केली नाहीत, ज्याच्या मालकाला सचोटी हे नाव तुम्हीच ठेवलंत, त्याच्या भेसळीच्या पाण्यात तुम्ही इतकी वर्षं फळं धुऊन खाताय. (पोट कधी बिघडलं नाही ना? त्याचं श्रेय आता नीट वाटून घ्यावं लागेल.)

खरं काम. सचोटीशेठकडून त्याच बरणीतली, त्याच चमच्याने काढलेली, चांगली मोठी पुडी आणून ताबडतोब पाठवा. बिस्मथ आम्ही आपल्या हाताने घालून पाहिलं, पण कधी जास्त होतं, कधी कमी. सचोटीशेठचा हात बसलेला आहे, आमचा नाही. हात जोडून सांगते, त्यांना काही बोलू नका. पंचनामा करू नका. मैत्री तोडू नका. आणि काय वाटेल ते झालं तरी त्यांना तो चमचा धुवायला लावू नका. ज्या माणसाने जन्मभर भेसळ पकडली त्याने एकदा, फक्त एकदा, ती सोडून द्यावी, म्हणून हे एवढं लांबलचक पत्र.

शेवटचं ता.क. मामी, इथवर तुम्हीच मोठ्याने वाचत आला आहात, हे मला ठाऊक आहे. भिंग त्यांना स्वतःहून कधी सापडलंय? तर मामी, एकच चमचा आहे हे तुमचं म्हणणं यंत्राने मान्य केलं आहे, कागदावर शिक्क्यासह, तो कागद तुमच्यासाठी जपून ठेवला आहे. आता हे पत्र खाली ठेवा आणि त्यांच्या तोंडाकडे बघा. पुडी पोस्टाने नको, हातोहात आणा. अध्यक्षांसमोर ती चिमूट मामांनीच टाकावी, आणि भाचीने काय उजेड पाडला तो त्यांनी नव्या डोळ्याने बघावा, अशी माझी फार इच्छा आहे. अजून रुसलेले दिसत असतील तर तिकीट एकच काढा, तुमचं. खोकत असतील तर दोन.